टॅपेटचा आवाज आणि बाबांचं मायक्रोमीटर



आपल्यापैकी अनेकांच्या घरी एक जुनी गाडी असते. ती आपली नसते, आईबाबांची असते. आपण नोकरीनिमित्त दुसऱ्या गावात असतो आणि ती गाडी वाचनालय, भाजीबाजार आणि एखादं लग्नकार्य एवढ्याच फेऱ्या करत असते. मग एक दिवस फोन येतो, "अरे, गाडी टिकटिक करतेय." यावेळचा लेख त्या टिकटिकीबद्दल आहे. आमच्या वडोदऱ्याच्या घरी असलेली १९९८ ची मारुती ८०० आम्ही या पावसाळ्यानंतर व्हरांड्यात उघडली, त्याची ही हकीकत.

आधी थोडं शास्त्र. इंजिनात हवा-पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर टाकायला झडपा असतात. आमच्या ८०० मध्ये तीन सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन, म्हणजे एकूण सहा. या झडपा वेळच्या वेळी उघडण्याचं काम कॅमशाफ्टचं. हा एक लोखंडी दांडा असतो आणि त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवट्याचं नाक रॉकर नावाच्या छोट्या तरफेला ढकलतं आणि तरफ झडप दाबते. आजीच्या काळ्या शिलाई मशीनमध्ये दोरा वर खेचणारी दांडी आठवते? तीही कॅमवरच चालते. गोल फिरणं घ्यायचं आणि त्याचं वरखाली हलणं करायचं, एवढंच हे काम.

काम एवढंच, पण ते किती वेळा करायचं? इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. ताशी सरासरी ३० किलोमीटर वेग आणि मिनिटाला सरासरी २००० फेरे धरले, तर आमच्या गाडीच्या ९०,००० किलोमीटरमध्ये प्रत्येक झडप साधारण १८ कोटी वेळा उघडली आणि मिटली. आणि कॅमचं नाक रॉकरवरून नुसतं फिरत नाही, ते दाबून घासत जातं. स्पर्श होतो तो एका बारीक रेघेवर. त्या रेघेवर दोन धातूंच्या मध्ये असतो फक्त ऑइलचा पातळ थर.

आता टिकटिकीकडे येऊ. गॅरेजमध्ये याला "टॅपेटचा आवाज" म्हणतात. रॉकर आणि झडप यांच्यात मुद्दाम केसाएवढी फट ठेवलेली असते, कारण गरम झाल्यावर धातू प्रसरण पावतो. आमच्या इंजिनात थंड असताना ही फट ०.१५ मिलिमीटरच्या आसपास हवी. ती वाढली की रॉकर झडपेवर टकटक आपटतो. इलाज सोपा. स्क्रू फिरवून फट पुन्हा बरोबर करायची. बाबांनी तो इलाज एका वर्षात दोनदा करून घेतला. दोन्ही वेळा आवाज गेला आणि महिन्याभरात परत आला. शिवाय गाडी उभी असताना थरथरायला लागली आणि चढावर दम टाकू लागली.

तिसऱ्या वेळी गॅरेजवाल्या भाईंनी प्रेमानेच सांगितलं, "काका, हवे भंगार मा आपी दो." त्यांचंही चूक नव्हतं. इतक्या जुन्या गाडीवर मजुरी घालायची आणि पुढे पासिंगला अडायचं, यापेक्षा सरळ सल्ला बरा. घरीही सगळ्यांना ते पटलं होतं. बाबांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून ते रिक्षाने वाचनालयात जायला लागले. आईने मला फोनवर सांगितलं की आताशा ते आठवड्यातून एकदाच जातात. तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रश्न गाडीच्या किमतीचा नाही.

म्हणून मी चार दिवस सुट्टी काढली. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या धंद्यात एक शिस्त असते. आधी लॉग बघायचा, मग कोडला हात लावायचा. बाबांनी आयुष्यभर कारखान्यात टूलरूममध्ये काम केलं. त्यांची शिस्त तीच, शब्द वेगळे. ते म्हणाले, "आवाजावरून निदान करू नकोस. माप घे."

मापाची गंमत अशी की, टॅपेटची फट मोजायची फीलर गेजची पट्टी इथे पुरत नाही. फट मोजताना कॅमचं नाक रॉकरपासून दूर फिरवलेलं असतं. म्हणजे नाक झिजलेलं असलं तरी त्या पट्टीला ते कळतच नाही. ती सांगते सगळं ठीक आहे. नाकाची झीज कळायची तर झडप प्रत्यक्षात किती खाली दबते ते मोजावं लागतं. त्यासाठी डायल गेज हवं. बाबांच्या कपाटात ते होतं, पण त्याचा स्टँड चुंबकाचा आणि इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. चुंबक चिकटेना. बाबांनी लोखंडी पट्टीला भोक पाडून ती हेडवर बोल्टने बसवली आणि तिच्यावर स्टँड ठेवला.

इंजिन पान्याने हळूहळू हाताने फिरवत आम्ही सहाही झडपा मोजल्या. आत घेणाऱ्या तिन्ही जवळपास सारख्या. धूर टाकणाऱ्यांपैकी पहिली आणि तिसरी सारखी, पण मधली चक्क ०.६ मिलिमीटरने कमी उघडत होती. जुन्या इंजिनासाठी मॅन्युअल हाताशी नसलं तरी हा तुलनेचा मार्ग उपयोगी पडतो. एकाच कामाचे तीन भाग असतील तर ते एकमेकांचे साक्षीदार असतात.

पुढचं काम मोठं होतं. आमच्या इंजिनात कॅमशाफ्ट वरून उचलता येत नाही, बाजूने सरकवून काढावा लागतो. जागा अपुरी आणि हेडचं गॅस्केटही जुनं, म्हणून आम्ही हेडच उतरवायचं ठरवलं. क्रम थोडक्यात सांगतो. इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. रेडिएटरचं पाणी काढलं. पहिला सिलिंडर वरच्या टोकाला आणून टायमिंगच्या खुणा जुळवल्या आणि फोटो काढले. मग टायमिंग बेल्ट सोडवला. हेडचे बोल्ट टोकाकडून मध्याकडे, थोडे थोडे करत सैल केले. रॉकर आणि स्प्रिंग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्यावर आकडे लिहून मांडले. कॅमशाफ्ट मात्र लहान बाळासारखा अलगद बाहेर घेतला, कारण त्याच्या नाकाने हेडमधली गुळगुळीत भोकं ओरखडली तर नवा शाफ्टही काही कामाचा नाही.

व्हरांड्यातल्या टेबलावर बाबांनी मायक्रोमीटर उघडलं. त्यांचा हात आताशा थरथरतो. त्यामुळे मायक्रोमीटर मी धरलं, रॅचेट मी फिरवलं आणि आकडा त्यांनी वाचला. मधल्या सिलिंडरचं धूर टाकणारं नाक बाकीच्या दोघांपेक्षा ०.४ मिलिमीटरने बुटकं. रॉकर ही तरफ असल्याने झडपेपाशी तोच फरक वाढून ०.६ दिसत होता. त्या रॉकरच्या तोंडावर नखाला जाणवेल एवढी चर पडली होती. दोन कोडी एकदम सुटली. रॉकर झिजत होता म्हणून फट पुन्हा पुन्हा वाढत होती. नाक झिजलं होतं म्हणून त्या सिलिंडरचा श्वास कोंडत होता. बाकी सगळं इंजिन धडधाकट होतं.

एकच नाक का झिजलं? कॅमच्या पृष्ठभागाचा थर कठीण केलेला असतो. तो शाबूत आहे तोवर झीज अगदी हळू होते. एका जागी तो फुटला की खालचा मऊ धातू उघडा पडतो आणि मग झीज वेगाने वाढते. म्हणून नुसता कॅमशाफ्ट बदलून चालत नाही. चर पडलेला जुना रॉकर नव्या नाकावर घासला तर तो त्यालाही खातो. शाफ्ट आणि रॉकर एकत्रच बदलायचे.

आणि थर फुटला का? इथे बाबांची वही कामाला आली. १९९८ पासून प्रत्येक ऑइल बदलाची नोंद तिच्यात आहे. नोकरीच्या काळात ऑइल वेळेवर बदललेलं. निवृत्तीनंतर मात्र नोंदी विरळ होत गेल्या, कारण किलोमीटरच होत नव्हते. ठरलेले किलोमीटर भरायला तीन-तीन वर्षं लागत होती. पण ऑइल फक्त किलोमीटरने म्हातारं होत नाही. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन नीट गरम होत नाही. आत साचलेला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला हवं, ते ऑइलमध्येच राहतं. ऑइल पातळ आणि आम्लधर्मी होत जातं. शिवाय गाडी आठवडाभर उभी राहिली की वरचं ऑइल निथळून खाली जातं आणि प्रत्येक स्टार्टला कॅम काही क्षण जवळजवळ कोरडाच घासतो.

मंडळी, या लेखातलं काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. आईबाबांची गाडी कमी चालते म्हणून तिचं ऑइल जास्त टिकतं असं नाही. किलोमीटर होवोत न होवोत, वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदला. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवा.

नवा कॅमशाफ्ट, सहा रॉकर, ऑइल सील, हेड गॅस्केट आणि टायमिंग बेल्ट, हे सगळं बाजारात मिळालं. २०१४ मध्ये ८०० चं उत्पादन थांबलं, पण एवढ्या गाड्या रस्त्यावर आल्या होत्या की सुटे भाग अजून मिळतात. बसवताना उलटा क्रम. नव्या नाकांना आणि रॉकरच्या तोंडांना भरपूर वंगण लावलं. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने मापात आवळले. टायमिंगच्या खुणा जुळवल्यावर किल्लीला हात न लावता इंजिन पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवलं. कुठे अडतं का आणि खुणा पुन्हा जुळतात का, हे इथेच कळायला हवं. मग टॅपेटच्या फटी लावल्या. स्पार्कची तार काढून ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला. त्यानंतरच इंजिन सुरू केलं.

घरी काय करू नये, हेही सांगतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. हेडमधली शाफ्टची भोकं ओरखडलेली दिसली किंवा झडपांच्या बैठका खराब असल्या तर हेड उचलून मशीन शॉपमध्ये न्या. ते हाताने करायचं काम नाही. आणि जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या.

आपल्या वडोदऱ्यात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे ते विद्यापीठात विलीन झालं आणि बाबांसारखी किती मुलं त्याच परिसरातून शिकून कारखान्यांत गेली. ती पिढी आता सत्तरीत आहे. त्यांच्या कपाटात मायक्रोमीटर, डायल गेज, टॅप-डाय असं काहीबाही तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेलं असतं. माझी बीईची पदवी कॉम्प्युटरची, पण मायक्रोमीटरचं रॅचेट किती वेळा वाजू द्यायचं आणि आकडा तीनदा का वाचायचा, हे मी त्या चार दिवसांत शिकलो. तुमच्या घरी असं कपाट असेल तर पुढच्या सुट्टीत ते उघडायला सांगा. गाडी नसली तरी चालेल. शिलाई मशीन, पंखा, पाण्याची मोटर, काहीही घ्या. पण त्यांचे डोळे आकडा वाचतायत तोवर घ्या.

नव्या कॅमच्या पहिल्या दिवसांतला बारीक कीस निघून जावा म्हणून ५०० किलोमीटरला ऑइल बदललं. ते किलोमीटर बाबांनी स्वतःच भरले. एकदा आईला घेऊन ते पावागडच्या पायथ्यापर्यंतही जाऊन आले. पुढचं पासिंग होईल की नाही, ते वेळ आली की बघू. तेव्हाही माप घेऊनच ठरवू. तूर्तास वहीत नवी नोंद आहे. सहाही टॅपेट ०.१५, आवाज नाही. आणि तिच्यापुढे कंसात, त्यांच्या किंचित हललेल्या अक्षरात: पुढचं ऑइल, दिवाळी.