सगळा दोष शेणाला, वळूला अभय

गाय लंगडली की गोठेवाल्याला झापायचं, ही आपल्याकडच्या सल्लागारांची आवडती रीत. परवा अशाच एका विद्वानांनी निकाल देऊन टाकला : खुरांचा रोग म्हणजे घाण, शेण काढा, मोरचुदाच्या पाण्यातून गायी चालवा, 'जनुकं-बिनुकं' हे रेतमात्रा विकणाऱ्यांचं खूळ. आनुवंशिकतेचा वाटा जेमतेम दहा टक्के, म्हणजे विषय संपला!

१९७४ साली इटलीत नोंदला गेलेला डिजिटल डर्मटायटिस हा खुरांचा रोगच घ्या. मागचा पाय उचलून टाचांमधल्या खाचेवर पाणी मारलं की रुपयाएवढा लालभडक, दाणेदार व्रण दिसतो, कडेचे केस उभे. धार लागताच गाय पाय झटकते. काम ट्रेपोनिमा जंतूंचं. शेण आणि ओल त्यांना वाट करून देतात, कबूल. मग त्याच ओलीत उभ्या असलेल्या शेजारणीचा पाय धड कसा? तिने काय चपला घातल्या होत्या?

आनुवंशिकतेचा तो दहा टक्के वाटा हा गायी-गायींमधल्या फरकाचा हिशेब आहे. त्यावरून सुधारणेला कुंपण घालता येत नाही. एका वळूच्या शेकडो मुली वेगवेगळ्या गोठ्यांत विखुरल्या की कुणाचा गोठा कोरडा, कुणाचा चिखलाचा, हे सरासरीत फिटतं आणि बापाचा गुण वर येतो. होल्स्टीनच्या गाभण राहण्याच्या गुणात आनुवंशिकतेचा वाटा याहून कमी, चार टक्क्यांच्या आसपास. दुधामागे धावताना तो गुण वर्षानुवर्षं घसरत गेला, तेव्हा कुणी म्हणालं नाही की चार टक्क्यांनी काय बिघडतंय! २००३मध्ये अमेरिकेत वळूंच्या मूल्यमापनात तो धरला गेला, त्यानंतर घसरण थांबली. बिघडवायला पुरणारे टक्के सुधारायलाच अपुरे कसे पडतात, हे विद्वानांनी सांगावं.

 

मोरचूद हवाच, वळूची निवडही हवी. पण या रोगाला एकच जनुक जबाबदार नाही. बारीकसारीक परिणामांची अनेक आहेत, म्हणून नोंदी लागतात. ब्रिटनमध्ये २०१८पासून वळूंना लंगडेपणाचा निर्देशांक मिळतो. आपल्याकडे होल्स्टीनच्या रेतमात्रेची चौकशी दुधाच्या आकड्यापाशी थांबते. खुरसाळणी करणाऱ्याने कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, पाय आणि व्रण वहीत टिपला, शेजारी गायीच्या बापाचा क्रमांक लिहिला, तरी सुरुवात होईल. पुढची मात्रा मागवताना वळूच्या पत्रकात खुरांचा रकाना कोरा दिसला, तर पुरवठादाराला कारण विचारा.