पुरवठादार सापडला नाही, तरीही



साथीतल्या जिवाणूचा जनुकक्रम तपासूनही अमेरिकेला दोषी चिकनपुरवठादार सापडला नाही, मग हा खटाटोप कशाला, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सवाल निकालाचा उलटाच अर्थ लावतो. २०१८-१९च्या त्या साथीत ३२ राज्यांतले १२९ रुग्ण साल्मोनेला इन्फंटिस या जिवाणूच्या एकाच वाणाशी जोडले गेले. तोच वाण जिवंत कोंबड्यांत आणि नाना तऱ्हेच्या कच्च्या चिकनमध्येही निघाला. म्हणजे तो एका कारखान्यापुरता नसून धंद्यातच मुरला असावा. नेमके हेच तर कळायला हवे होते! नुसता जनुकक्रम जुळणे हा पुरावा नव्हे, हे मान्य. रुग्णाने काय खाल्ले हे विचारावेच लागते. पण ‘नीट शिजवा, संपलं’ हे उत्तर तोकडे आहे. कच्चे चिकन कापलेल्या फळीवरच काकडी चिरली जाते, आणि हा वाण अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता.

– एक वाचक