आकाशातला दिवा कोणाचा, हे गावाला कळू द्या

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली;
मा. जिल्हाधिकारी आणि मा. पोलीस अधीक्षक, चंद्रपूर व गडचिरोली;
मा. मुख्य वनसंरक्षक, चंद्रपूर व गडचिरोली वनवृत्त;
मा. क्षेत्र संचालक, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प



हौशी ड्रोनला बाजारातून वेगळे दिवे आणून बसवले जातात, त्याबद्दल हे पत्र आहे. विषय लहान वाटेल. पण आपल्या दोन जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात रात्री आकाशात हलणारा उजेड ही आता लहान बाब राहिलेली नाही, आणि त्याबद्दल अजून कोणी काहीच ठरवलेले नाही.

पोरे दोन तऱ्हेचे दिवे लावतात. एक बोटाच्या पेराएवढा, लुकलुकणारा. ड्रोन दुसऱ्याला दिसावा म्हणून तो असतो. दुसरा खाली झोत टाकणारा, म्हणजे जमिनीवरचे आपल्याला दिसावे म्हणून. दुकानात दोन्ही ‘ड्रोन लाइट’ याच नावाने मिळतात आणि घेणाराही त्यांत फरक करत नाही. माझी मागणी अशी आहे की पहिला दिवा लावणे तुम्ही सोपे करा, रात्रीपुरता सक्तीचा करा, आणि दुसरा जंगलात व जंगलालगत पूर्ण बंद करा. आज नेमके उलटे चालले आहे. पहिला लावणारा नियमांच्या कचाट्यात सापडतो आणि दुसरा लावणाऱ्याला कोणी हटकत नाही.

कचाट्यात कसा सापडतो ते सांगतो. मी हौसेने ड्रोन उडवतो आणि ओळखीच्या पोरांच्या ड्रोनला दिवे बसवून देतो. त्यांच्याकडे बहुधा घडीचा, 249 ग्रॅमचा ड्रोन असतो. हे वजन मुद्दाम साधलेले आहे, कारण 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन आपल्या नियमांत नॅनो गटात मोडतो आणि त्यापुढे 2 किलोपर्यंतचा मायक्रो गटात. सोनाराच्या काट्यावर ड्रोन ठेवला की 249 दिसते. त्याच्या पाठीवर दिवा, दिव्याचा इवलासा सेल आणि वेल्क्रोची पट्टी ठेवली की आकडा 250 ओलांडून पुढे जातो. वजन अंगावरच्या सगळ्या सामानासकट मोजायचे असल्यामुळे तेवढ्या दिव्याने ड्रोनचा गट बदलतो. नॅनोला प्रकार प्रमाणपत्र लागत नाही आणि तो चालवायला दूरचालक प्रमाणपत्रही लागत नाही. मायक्रो गटात मात्र दूरचालक प्रमाणपत्राची सूट फक्त बिनव्यावसायिक उडवणाऱ्याला आहे. गावातला पोरगा आज हौसेने उडवतो आणि उद्या कोणाच्या लग्नाचे चित्रीकरण करून चार पैसे घेतो. दिवा नसेल तर तो नियमात असतो आणि सुरक्षेसाठी दिवा लावला की नियमाबाहेर जातो. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे. मग जो पोरगा नियम वाचतो, तोच दिवा काढून ठेवतो.

दिवा बसवण्यातही समज लागते आणि ती कोणी शिकवत नाही. वरच्या कवचाखाली उपग्रहाचे संकेत घेणारा अँटेना असतो, त्याच्या डोक्यावर दिवा ठेवला तर परतीची जागा धरताना ड्रोन गडबडतो. पोटाखाली लावला तर उतरताना जमीन पाहणारे सेन्सर त्याच उजेडाने आंधळे होतात. ड्रोनच्या हातांवर लावला आणि पट्टी सुटली तर ती थेट पंख्यात जाते. मी तो पाठीवर, मागच्या बाजूला, मधल्या रेषेवर बसवतो. त्याचा सेल वेगळा असावा, म्हणजे ड्रोनच्या बॅटरीतून तार ओढावी लागत नाही. असा वर तोंड केलेला दिवा बऱ्याच दुरून लुकलुकताना दिसतो, पण बरोबर खाली जमिनीवर त्याचा झोत पडत नाही. माझी सगळी मागणी या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी ही विनंती.

आपल्याच नियमांत ही जाण पूर्वी होती. 27 ऑगस्ट 2018 रोजी आपल्या महासंचालनालयाने काढलेल्या आणि त्याच वर्षीच्या 1 डिसेंबरपासून लागू झालेल्या नियमावलीत लुकलुकणारा टक्करविरोधी दिवा ही ड्रोनवरच्या आवश्यक सामानातली बाब होती, आणि उड्डाण फक्त दिवसा करायचे होते. मग 25 ऑगस्ट 2021 चे ड्रोन नियम आले. ते सुटसुटीत आहेत, त्यांनी हजारो लोकांची कागदपत्रांतून सुटका केली आणि त्याबद्दल मला खरोखर आदर आहे. पण दिव्याचा रंग, जागा आणि तीव्रता हौशी माणसाला सांगेल असे कलम त्यांत नाही. अमेरिकेत 2021 पासून रात्री उडवायचे तर तीन मैलांवरून, म्हणजे जवळपास पाच किलोमीटरवरून, दिसेल असा चमकता दिवा लागतो. युरोपात 2022 च्या जुलैपासून रात्रीच्या ड्रोनला हिरवा लुकलुकता दिवा सक्तीचा आहे. तिकडच्या खेड्यातल्या माणसाने मान वर केली तर तो हिरव्या दिव्यावरून हे विमान नाही, ड्रोन आहे, एवढे तरी ओळखू शकतो.

आपल्याकडे मान वर केल्यावर फक्त भीती वाटते. 2024 च्या जून-जुलैत बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि पुण्याच्या ग्रामीण भागात रात्रीच्या ड्रोनांनी गावेच्या गावे जागी ठेवली. चोर टेहळणी करत आहेत या बोलण्याने लोक काठ्या घेऊन पहारा देत होते. 2025 च्या जुलैत उत्तर प्रदेशात तशीच लाट उठली आणि मुझफ्फरनगरमध्ये पोलिसांना आढळले की कबुतरांना लाल-हिरवे दिवे बांधून सोडले जात होते. दिव्याला ठरलेला अर्थ नसला की कबुतरसुद्धा दरोडेखोर ठरते.

आपल्या पट्ट्यात तर प्रकरण याहून नाजूक आहे. 2019 मध्ये शेजारच्या छत्तीसगडातल्या सुकमा जिल्ह्यात किस्ताराम आणि पालोडीच्या सुरक्षा तळांवर लाल-पांढरा उजेड टाकणारी ड्रोन घिरट्या घालताना दिसली होती, आणि दिसताच पाडण्याच्या सूचना दिल्या गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. एटापल्ली, भामरागडकडच्या माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षे रात्रीचा उजेड म्हणजे एक तर पोलीस, नाही तर ‘दादा लोक’, म्हणजे माओवादी, असेच धरून काढली आहेत. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये माओवादी नेता भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. आता रस्ते मोकळे होतील, भामरागडच्या त्रिवेणी संगमावर पर्यटक येतील आणि त्यांच्या पाठपिशवीत ड्रोन असतील. सूर्य मावळताना नदीचे चित्र घ्यावेसे कोणालाही वाटेल. त्या संध्याकाळी काठावरच्या गावाला तो दिवा कोणाचा हे कळण्याची सोय आधी झाली पाहिजे. पोलिसांच्या मोहिमेतल्या ड्रोनला दिवा लावा असे मी म्हणत नाही, तो विषय तुमचा. पण बाकी सगळ्या ड्रोनांचा दिवा ठरलेला असेल तर पोलिसांचेही काम सोपे होईल.

आता दुसऱ्या दिव्याकडे येतो, खाली झोत टाकणाऱ्या. अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन नेता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण आपल्याकडचे वाघ अभयारण्याची हद्द पाहून राहत नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागाचे बहुतांश जंगल संरक्षित क्षेत्रात मोडत नाही, तरी तिथे वाघ आहेत, आणि त्याच जंगलाच्या पोटात सिंदेवाही, नागभीड, सावलीची गावे आणि धानाच्या बांध्या आहेत. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. वडसाच्या जंगलातून 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पकडलेल्या सीटी-1 वाघाने तेरा माणसांचे बळी घेतले होते. अशा मुलखात ‘वाघ दिसतो का बघू’ म्हणून कोणी धुऱ्यावर उभा राहून झुडपात झोत सोडत असेल, तर तो खेळ नाही.

कारण जनावर त्या झोतापासून कुठे सरकेल हे उडवणाऱ्याला माहीत नसते. त्याच वेळी पलीकडच्या बांधीत कोणी जागलीला बसलेला असतो, रानडुकरांपासून धान राखत. मार्च-एप्रिलात उजाडण्याआधीच बाया टोपल्या घेऊन मोहाखाली वाकलेल्या असतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू झाली की वडसा, आरमोरी, सिंदेवाहीकडची माणसे रात्रभर नाटक बघून पहाटे जंगलवाटेने घरी परततात. या माणसांच्या दिशेने जनावर हाकलले जाणार नाही, याची हमी झोत टाकणारा कोणत्या तोंडाने देणार?

आणि जनावर जागचे हलले नाही म्हणून त्याला काही झाले नाही, असे समजू नये. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात काळ्या अस्वलांच्या अंगात हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे बसवून त्यांच्यावरून ड्रोन नेण्यात आले. तो अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक अस्वले बाहेरून शांत दिसत होती, पण ठोके वाढले होते. एका अस्वलाचे तर मिनिटाला 41 वरून 162 वर गेले. आपल्या अस्वलांवर रात्रीच्या झोताचा काय परिणाम होतो ते मोजले जाईपर्यंत वाट बघायची गरज नाही. मोहाच्या दिवसांत अस्वलाने फाडलेली माणसे आपल्या ग्रामीण रुग्णालयांनी पाहिली आहेत.

वनविभागाला माझी वेगळी विनंती आहे. ड्रोन तुमच्या कामाचा आहे हे मी मनापासून मानतो. 2018 मध्ये पांढरकवड्याच्या जंगलात टी-1 वाघिणीच्या शोधात थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन फिरले. 2021 मध्ये छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, तेव्हापासून रात्री कळप कुठे आहे हे गावांना वेळेत कळणे हा जीवनमरणाचा प्रश्न झाला आहे. थर्मल कॅमेऱ्याला झोत लागतच नाही, तो अंगाच्या उष्णतेवर चालतो. म्हणजे जनावर शोधायचे असले तरी खाली उजेड टाकण्याचे कारण उरत नाही. तुमच्या प्रत्येक ड्रोनच्या पाठीवर वर तोंड केलेला एकाच रंगाचा लुकलुकता दिवा बसवा. खालच्या जनावराला तो खुपणार नाही आणि दूरच्या गावाला दिसेल. त्या रंगाचा अर्थ ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत, गोंडीत आणि माडियात लिहा, गावच्या व्हॉट्सॲप गटांवर टाका, वनरक्षकाकरवी दवंडी द्या. हा दिवा दिसला म्हणजे वनखात्याची माणसे जनावराच्या मागावर आहेत, आज त्या बाजूला जाऊ नका, हे शेंबड्या पोरालाही कळले पाहिजे. आज ताडोबालगत सीतारामपेठ गावात कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे वाघ आल्याची वर्दी देतात, आणि त्याबद्दल तुमचे कौतुक आहे. त्या मानाने एका दिव्याचा रंग ठरवण्याचा खर्च काहीच नाही.

महासंचालक महोदय, आपल्याकडे दोन गोष्टी मागतो. मान्यताप्राप्त ओळखदिवा 250 ग्रॅमच्या मोजणीतून वगळा, निदान वीस ग्रॅमपर्यंतची सूट द्या. आणि सूर्यास्तानंतर उडणाऱ्या प्रत्येक हौशी ड्रोनला, मग तो नॅनो का असेना, एका ठरलेल्या रंगाचा वरच्या बाजूचा दिवा सक्तीचा करा. नव्या नागरी ड्रोन कायद्याचा मसुदा सरकारने 2025 च्या सप्टेंबरात लोकांपुढे ठेवला आहे. कायदा आणि त्याखालचे नियम घडत असताना हे कलम घालणे सोपे आहे, नंतर दुरुस्ती करत बसण्यापेक्षा.

जिल्हाधिकारी महोदय, झोतबंदी मात्र दिल्लीची वाट न पाहता तुम्हाला करता येईल. वनालगतच्या गावांत सूर्यास्त ते सूर्योदय खाली उजेड टाकणाऱ्या ड्रोनवर मनाई आदेश काढा आणि तो तेंदूचा हंगाम सुरू होण्याआधी काढा. ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा, सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा हिरवा, पिवळा, लाल नकाशा गावातल्या पोराला इंग्रजीत सापडत नाही. आपल्या दोन जिल्ह्यांपुरता तो मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात लावा. भद्रावतीच्या आयुध निर्माणीजवळ किंवा मोरव्याच्या धावपट्टीजवळ ड्रोन काढण्याआधी काय पाहायचे, हे पोराला आधी कळू द्या, गुन्हा नोंदवून नको.

ही कामे झाली तर दिवे कसे बसवायचे हे शिकवायला मी आणि माझ्यासारखे आणखी काही जण विनामोबदला येऊ, वनरक्षकांकडेही आणि शाळांतही. बोलवा.

आपला,
चंद्रपूरमधील एक हौशी ड्रोनचालक