ड्रॉवर उघडा, बॉस!

ऑफिसातल्या तुमच्या टेबलाचा सर्वांत खालचा ड्रॉवर जरा उघडा बघू. माझ्या ड्रॉवरात गेल्या महिन्यात काय सापडलं सांगू? इन्स्टंट नूडल्सचे तीन कप, क्रीमची बिस्किटं, 'मल्टिग्रेन' चिप्स आणि या सगळ्याखाली दबून गेलेला बिचारा स्टेपलर. फाइल एकही नाही!

साफसफाईची ही सुबुद्धी काही आपोआप सुचली नाही. ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट हातात पडला. एचबीए१सी ५.९. वय ३१. ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा हिशेब सांगते, त्यामुळे आदल्या रात्री सॅलड खाऊन तिला गंडवता येत नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस. बाबांना डायबेटिस झाला तो पन्नाशी उलटल्यावर. मी वीस वर्षं आधीच त्याच्या दारात! आईला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, "डबा देत होते तेव्हा लाज वाटायची ना तुला?"

आपली बोलती बंद.

'पण मी तर हेल्दीच खातो की!' असं मलाही वाटायचं. मग पाकिटं उलटून बघायला लागलो. घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी छापावं लागतं. माझ्या 'मल्टिग्रेन' बिस्किटांत पहिला नंबर मैद्याचा, दुसरा साखरेचा. ज्या धान्यांचे फोटो पुढे झळकत होते, ती पार शेपटाला! दुसरी गंमत म्हणजे आकडे बरेचदा १०० ग्रॅमचे असतात आणि आपण पाकीट फोडतो ते अख्खं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभरात मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. नूडल्सच्या एका कपातच त्यातला मोठा वाटा संपतो.

आणि हे पदार्थ हात थांबू देत नाहीत, हा तुमच्या विलपॉवरचा दोष नाही बरं का. अमेरिकेत २० जणांवर केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड खाणं, दोन आठवडे साधं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, फॅट सारखंच. खा हवं तेवढं. पाकीटछाप खाण्यावर लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले आणि दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वाढले!

म्हणून सगळी पाकिटं वाईट असं नाही हं. पोहे, डाळ, दूध, फ्रोझन मटार पाकिटातूनच येतात. प्रश्न त्या लांबलचक, स्वयंपाकघरात कधी न दिसणाऱ्या नावांच्या यादीचा आहे.

मी काय केलं? एकदम क्रांती नाही. चार वाजताच्या भुकेला फुटाणे-शेंगदाणे. कोल्ड्रिंकच्या जागी ताक. रविवारी मटकीला मोड आणून डबा फ्रिजमध्ये. उसळ पंधरा मिनिटांत होते. रात्री नऊला घरी पोहोचल्यावर कुकरला मुगाची खिचडी. ती शिजेपर्यंत आंघोळ उरकते, हिशेब संपला! डेडलाइनच्या रात्री पिझ्झा येतोच आणि मी खातोही. फक्त तो आता मंगळवारचा रिवाज राहिलेला नाही.

डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट सांगितली आहे. आकडा किती उतरेल, माहीत नाही. पण आईनं कुरिअरनं थालिपिठाची भाजणी पाठवली आहे आणि ड्रॉवरात आता फुटाण्यांची बरणी आहे. शेजारची टीम येता-जाता त्यात हात घालते. मी बोलत नाही. त्यांचेही रिपोर्ट आलेत ना!

तर मंडळी, या आठवड्याचा होमवर्क एकच : ड्रॉवरातलं एक पाकीट उलटा आणि पहिले तीन शब्द वाचा. बाकीचं तुमचं तुम्हालाच कळेल.