फुलपाखराचं नाव घाईने घेऊ नये

आई फोनवर हमखास विचारते, "एखाद्या फुलपाखराचं नाव नाही कळलं तर काय अडतं गं तुझं?" माझं काहीच अडत नाही, पण फुलपाखराचं अडतं. ते कसं, तेच आज लिहितेय.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सॅन ब्रूनो नावाचा गवताळ डोंगर आहे. भोवती सगळी वस्ती. तिथे साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत कॅलिपी सिल्व्हरस्पॉट उडतं. हे फ्रिटिलरींपैकी एक. वरून नारिंगी-तपकिरी, त्यावर काळी नक्षी, आणि मागच्या पंखांच्या खालच्या बाजूला चंदेरी ठिपके. अळी वाढते ती एका पिवळ्या रानव्हायोलेटच्या पानांवर. घरांसाठी जागा जात राहिली, तसं ते व्हायोलेटही कमी झालं. अखेर १९९७ साली अमेरिकन सरकारने या फुलपाखराला संकटग्रस्त जाहीर केलं.

पण मंडळी, खरी मेख पुढेच आहे. कायद्याचं संरक्षण मिळालंय ते फक्त या उपजातीला, सगळ्या कॅलिपी जातीला नाही. आणि ही जात म्हणजे बहुरूपी! सिएरा नेवाडाच्या पूर्वेकडे तिच्या पंखांची खालची बाजू हिरवट असते. काही ठिकाणी तर ठिपक्यांवरची चांदीच गायब. वर सिएराच्या कुरणांत झेरीन आणि हायडस्पी या तिच्या चुलत बहिणीही उडत असतात. त्यातून पंख झिजलेलं, रंग विटलेलं एकच फुलपाखरू समोर आलं, की भले भले गप्प होतात.

मग जाणकार काय करतात? पंखांची खालची बाजू बघतात, एकाऐवजी दहा-बारा फुलपाखरं बघतात, आणि जागा, उंची, महिना ध्यानात घेतात. हे सगळं योग्यच. पण जागेवरून नाव ठरवण्यात एक धोका आहे (निदान मला तरी तो मोठा वाटतो). "सॅन ब्रूनोवर दिसलं, म्हणजे कॅलिपीच" असं लिहायचं, आणि मग त्याच नोंदींच्या आधारे "सॅन ब्रूनोवर कॅलिपी भरपूर आहे" असं म्हणायचं. म्हणजे आपणच प्रश्न काढायचा आणि उत्तरही आपणच पुरवायचं! अशाने एखादी जात तिथून नाहीशी झाली तरी वहीत ती सुखाने उडत राहील.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की नोंदीत दोन रकाने हवेत. डोळ्यांना काय दिसलं ते एकात, आणि त्यावरून आपण काय ठरवलं ते दुसऱ्यात. दुसरा रकाना "फ्रिटिलरी, जात नक्की नाही" एवढ्यावरच थांबला, तर त्यात कमीपणा कसला? फोनवरचं अ‍ॅप क्षणात नाव सुचवतं, ते जरूर बघावं. पण ते सुचवलेलं नाव आहे, दिसलेलं नव्हे.

आईला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "म्हणजे नाव माहीत नसलं तरी चालतं, असंच ना?"

चालतं गं आई. खोटं नाव मात्र चालत नाही.