अठ्ठावीस दिवसांचा महिना

आपल्या कालगणनेत अधिक मास असतो, क्वचित क्षयमासही येतो. परंतु दर अठ्ठावीस दिवसांनी संपणारा आणि वर्षातून तेरा वेळा उगवणारा महिना आपल्या पंचांगात कधी नव्हता. तो दूरसंचार कंपन्यांनी आणला, आणि तिथी-वारावरून हिरीरीने भांडणारे आपण लोक अवाक्षर न काढता तो पाळू लागलो. साहित्याच्या अभ्यासकांचा या महिन्याशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. आम्हांलाही परवापर्यंत तसेच वाटत होते.

आम्ही धरणगावात मराठी शिकवतो. गेल्या सत्रात तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी अंतर्गत परीक्षेला आली नाही. परीक्षेची तारीख अलीकडे ओढली होती आणि तशी सूचना आम्ही वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली होती. फलकावर लावायची राहिली. कारण फलकाकडे आता कोण पाहते, हे आमचे गृहीतक. तिच्या घरात स्मार्टफोन एकच, आणि त्याचे रिचार्ज संपून नऊ दिवस झालेले. "कापसाचे पैसे आले की मारू, असं घरी ठरलं होतं, सर," एवढेच ती म्हणाली. आम्ही तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहून मोकळे झालो होतो. परीक्षेचा विषय होता बालकवी.

बालकवींचा जन्म याच गावी, १८९० साली झाला. १९१८ मध्ये ते गेले. त्यांच्या कवितेवरील स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. ती कविता आता कोणीही जालावर चढवावी, कोणीही वाचावी. म्हणजे कविता फुकट आहे. तिच्यापर्यंत जाण्याची वाट मात्र फुकट नाही. आणि ज्या गावाने तो कवी दिला त्याच गावच्या परिसरातील मुलीला ती वाट दर अठ्ठावीस दिवसांनी नव्याने विकत घ्यावी लागते.

हा विषय काढला की प्राध्यापक-कक्षात एक उत्तर ठरलेले असते : "अहो, जगात सर्वांत स्वस्त डेटा आपल्याकडे आहे." या विधानात तथ्य आहे, हे आम्ही नाकारत नाही. एका गिगाबाइटचा सरासरी दर काढला तर भारत जगातल्या अतिस्वस्त देशांत बसतो. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली, मार्च २०१७ अखेरपर्यंत तिने सारे फुकट वाटले, आणि दर कोसळले. त्या दिवसांत आमच्या विद्यार्थ्यांनी प्रथमच घरबसल्या व्याख्याने ऐकली, जुने अंक वाचले. तो लाभ खराच होता.

परंतु सरासरी ही मोठी फसवी गोष्ट आहे. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे जिओचे दोन पॅक समोर ठेवू. १८९ रुपयांत अठ्ठावीस दिवस, आणि एकूण डेटा २ जीबी. २९९ रुपयांत अठ्ठावीस दिवस, आणि रोज दीड जीबी, म्हणजे एकूण ४२ जीबी. बोलणे दोन्हींत अमर्याद. केवळ डेटाच्या मापाने पाहिले तर पहिल्या ग्राहकाला एक जीबी साडेचौऱ्याण्णव रुपयांना पडतो, दुसऱ्याला सव्वासात रुपयांच्या आत. कोणी म्हणेल, हा हिशेब न्याय्य नव्हे. १८९ रुपये हे मुख्यतः बोलण्याचे आणि जाळ्यात असण्याचे मोल आहे. मान्य. पण मग 'स्वस्त जीबी'चा डंका त्या मुलीच्या घरासमोर वाजवू नये. तिच्या दृष्टीने प्रश्न जीबीच्या दराचा नाहीच, दाराच्या दराचा आहे. आत गेल्यावर भांडार स्वस्त आहे. दाराशी द्यायचे पैसे मात्र वाढत चालले आहेत.

ते कसे वाढले तेही पाहावे. एके काळी सिमकार्डात दहा रुपये टाकून माणूस महिनोन्‌महिने येणारे फोन घेऊ शकत असे. मिस्ड कॉल ही तर गरिबांनी घडवलेली स्वतंत्र भाषाच होती : एक घंटी म्हणजे 'पोहोचलो', दोन म्हणजे 'तू कर'. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनी अठ्ठावीस दिवसांसाठी ३५ रुपयांचे किमान रिचार्ज आणले. ते केले नाही तर येणारे फोनही बंद. २०२१ च्या अखेरीस एअरटेलचे अठ्ठावीस दिवसांचे किमान रिचार्ज ९९ रुपये झाले आणि जुलै २०२४ पासून १९९. मोबदल्यात बोलणे आणि डेटा वाढला, हे खरे. पण ज्याला वाढीव काही नकोच होते त्याने काय करावे? वर्षाला तेरा रिचार्ज धरली तर १९९ रुपयांचे २,५८७ होतात. ज्या घरात कापसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, त्या घराने हे तेरा हप्ते कसे भागवावेत?

आता स्पर्धेविषयी. ती ग्राहकाचे रक्षण करते, असे आपल्याला सांगण्यात आले. २०१६ च्या सुमारास या देशात डझनभर कंपन्या होत्या. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस आपली मोबाइल सेवा गुंडाळली; एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली; टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये विलीन झाला; ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. उरल्या तीन खासगी कंपन्या. त्यांतलीही एक इतकी कर्जबाजारी की २०२५ मध्ये सरकारच तिचे सुमारे ४९ टक्क्यांचे भागीदार झाले. जून २०२४ च्या २७ आणि २८ तारखांना, दोन दिवसांत, तिघींनीही दरवाढ जाहीर केली. त्यांच्यात संगनमत झाले असे आम्ही म्हणत नाही. खानदेशातल्या कापूस उत्पादकाला हे समजावून सांगावे लागत नाही : खेडा खरेदीला गावात तीनच व्यापारी येत असतील, तर त्यांना एकत्र बसून भाव ठरवावा लागत नाही. एकाने बोललेला भाव दुसऱ्याला ऐकू येतो, एवढे पुरते.

उरली सार्वजनिक क्षेत्रातील बीएसएनएल. २०२४ मध्ये तिने दर वाढवले नाहीत, आणि लोक तिच्याकडे वळलेही. पण तिचे स्वदेशी ४जी जाळे देशभर सुरू झाल्याची घोषणा झाली २७ सप्टेंबर २०२५ रोजी. खासगी ४जी या देशात २०१२ मध्ये आले होते. ज्या सरकारने आपल्याच घोड्याला तेरा वर्षे लगाम लावून उभे केले, त्याने शर्यतीच्या निकालावर बाजाराची मोहोर उमटवू नये.

आणि नियामक? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, दर ठरवण्याचे काम कंपन्यांवरच सोपवले आहे. महिना अठ्ठावीस दिवसांचा का, ही तक्रार ऐकून जानेवारी २०२२ मध्ये त्याने किमान एक पॅक तीस दिवसांचा ठेवायला सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये डेटा नको असलेल्यांसाठी केवळ बोलणे आणि संदेश यांचे पॅक काढण्याचा आदेश दिला. आदेश उत्तम. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी तो पाळला कसा? जिओचा पॅक ८४ दिवसांना ४४८ रुपये, एअरटेलचा ८४ दिवसांना ४६९. अठ्ठावीस दिवसांना दीडशेच्या आसपास पडतात, पण तीन हप्ते एकदम मोजावे लागतात. ज्याच्या खिशात एकदम साडेचारशे नाहीत, त्याच्यासाठीच तर हा आदेश होता!

ही जगाची रीतच आहे, असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे. तेथील स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये डेटाच्या दरांची चौकशी आरंभली आणि डिसेंबर २०१९ मध्ये अंतिम अहवाल दिला. लहान पॅक घेणाऱ्या गरिबांना प्रत्येक मेगाबाइटमागे श्रीमंतांहून कितीतरी अधिक पैसे पडतात, ही दररचनाच गरीबविरोधी आहे, असे त्यात स्वच्छ शब्दांत नोंदवले. व्होडाकॉम आणि एमटीएन या दोन बड्या कंपन्यांना दर उतरवायला सांगितले. व्होडाकॉमचा तीस दिवसांचा एक जीबी एप्रिल २०२० पासून १४९ रँडवरून ९९ रँडवर आला. तेथील दर आपल्याहून पुष्कळ चढे आहेत, ही तुलना आम्ही विसरलेलो नाही. मुद्दा दराचा नाही. सरासरीआड दडलेला गरीब ग्राहक शोधून त्याच्या बाजूने हिशेब मांडण्याची इच्छा एका सार्वजनिक संस्थेला झाली, हा आहे. आपल्याकडे तो हिशेब कोणी मांडला?

आणि आता आमच्याच व्यवसायाकडे येऊ. कारण या लेखातला शेवटचा आरोपी तोच आहे. मार्च २०२० नंतर आपण वर्ग मोबाइलवर नेले. तेव्हा तो नाइलाज होता. महासाथ सरली, नाइलाज मात्र आपल्या सोयीचा होऊन बसला. सूचना गटावर, टिपणे पीडीएफमध्ये, अर्ज ऑनलाइन, ओटीपी मोबाइलवर. 'अमर्यादित' हा शब्द जाहिरातीतून उचलून आपण आपल्या अध्यापनाचे गृहीतक केले. शब्दांचे अर्थ काढण्यासाठीच ज्यांना वेतन मिळते, त्यांनी 'अनलिमिटेड'च्या पुढे छापलेली 'व्हॅलिडिटी' वाचली नाही! दलित आणि ग्रामीण साहित्य शिकवताना आपण वंचिततेवर तास-तास बोलतो, आणि तास संपल्यावर त्याची टिपणे अशा ठिकाणी ठेवतो जिथे वंचिताला पोहोचता येत नाही.

आमची मागणी मोठी नाही. ट्रायने बोलण्याचा साधा पॅक एका महिन्याचा, पंचांगातल्या महिन्याचा, आणि मजुराला परवडेल अशा दरात उपलब्ध करायला लावावा. महाविद्यालयांनी फलकावर न लागलेली कोणतीही सूचना विद्यार्थ्यावर बंधनकारक मानू नये, आणि ग्रंथालयातील संगणक कुलपाबाहेर काढावेत. पहिल्या मागणीसाठी दिल्लीकडे बघावे लागेल. दुसरीसाठी चार टाचण्या आणि एक किल्ली पुरे.

त्या विद्यार्थिनीची परीक्षा आम्ही पुन्हा घेतली. उपकार म्हणून नव्हे. चूक आमची होती. तारीख फलकावर लावली, स्वतःच्या हाताने.