तारामतीची भूमिका कोणी करावी?

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात हरिश्चंद्राच्या कथेवरील एक छोटेखानी प्रवेश करण्याचे आम्ही योजिले होते. तारामतीच्या भूमिकेसाठी नववीतील एका विद्यार्थिनीची निवड झाली. मुलीचा आवाज खणखणीत, पाठांतर चोख, आणि समज तर वयाच्या मानाने पुष्कळच. तालमीस आठवडा लोटला नाही तोच तिचे वडील शाळेत आले व 'आमच्या घरची मुलगी नाटकात उभी राहणार नाही' असे सांगून तिला घेऊन गेले. आम्ही वाद घातला नाही. ती भूमिका एका मुलास दिली. त्याने लुगडे सावरीत ती कशीबशी पार पाडली, आणि रोहिदासाच्या मृत्यूच्या प्रसंगी मंडळींनी पोट धरून हसून घेतले.

पुढे पंधरा दिवसांनी शेजारच्या गावी वडशाच्या मंडळीचे नाटक आले, तेव्हा हेच गृहस्थ पहिल्या रांगेत बसलेले आम्हांस दिसले. (आम्ही तिसऱ्या रांगेत होतो, हेही सांगितले पाहिजे.) नायिकेच्या दुःखाने त्यांचे डोळे पाणावले होते. ती नायिका कोणाची तरी मुलगी आहे, हा विचार त्यांच्या मनास शिवला असेल काय?

या तारामतीच्या भूमिकेचाच इतिहास पाहण्याजोगा आहे. 1913 साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढिला, तेव्हा तारामतीसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. कोणत्याही थरातील स्त्री तयार होईना. अखेरीस उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नामक तरुणास त्यांनी राणी केले. यात आपणच मागासलेले होतो असे नव्हे. शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडातही मुलगेच स्त्रियांच्या भूमिका करीत, आणि 1660 पावेतो तेथील व्यावसायिक रंगभूमीवर स्त्री उभी राहिली नव्हती. तथापि फाळक्यांच्या चित्रानंतर अवघ्या 19 वर्षांनी, 1932 मध्ये, प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढिला, आणि त्यातील तारामती दुर्गाबाई खोटे यांनी केली.

दुर्गाबाई 1905 साली मुंबईच्या एका सुखवस्तू लाड घराण्यात जन्मल्या. कॅथेड्रल शाळेत व सेंट झेव्हियर कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले, म्हणजे आमच्यासारख्या मिशनच्या विद्यालयांशी त्यांचे नाते परके नव्हे. विवाह लवकर झाला. सासरची सांपत्तिक स्थिती पुढे पार ढासळली, आणि दोन लहान मुलांची जबाबदारी त्यांच्यावर आली. प्रथम त्यांनी शिकवण्या केल्या. त्यातून भागेना, तेव्हा 1931 मध्ये चित्रपटात पहिली लहानशी भूमिका पत्करली. थोरामोठ्यांची सून पडद्यावर दिसली, म्हणून लोकांनी बोल लावावयाचे ते लावलेच. पण बोल लावणाऱ्यांपैकी कोणी त्या दोन मुलांच्या फीचे पैसे दिल्याचे आमच्या वाचनात नाही!

'अमरज्योती'तील त्यांची सौदामिनी आजही जुने रसिक आठवतात. हे चित्र 1936 चे, आणि नायिका कोण, तर समुद्रावरील चाच्यांची नायक! पुढे रंगभूमीवरही त्या तितक्याच तोलाने उभ्या राहिल्या. 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई त्यांनी केली. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून रचिलेल्या 'राजमुकुट'मध्ये 1954 साली राणीची भूमिका केली. 'मुगल-ए-आझम'मधील त्यांची जोधाबाई तर आमच्या पालकांपैकी अनेकांनी पाहिलीच असेल. ज्या फाळक्यांना 1913 मध्ये तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा राष्ट्रीय पुरस्कार 1983 साली दुर्गाबाईंस मिळाला. 1991 मध्ये त्या निवर्तल्या.

या चरित्रात आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट पुरस्कारांची नव्हे. ज्या काळी नटनटी एकेका कंपनीच्या पगारी नोकर असत, त्या काळी दुर्गाबाई कोणा एका कंपनीच्या बांधील न राहता आपल्या पसंतीने कामे घेऊ लागल्या. हे बळ कोठून आले? चेहऱ्याने ते येत नाही. करारनामा वाचता येणे, हिशेब समजणे, नको ते काम नको म्हणता येणे, यांतून ते येते. आणि ही शिदोरी त्यांनी शाळेत बांधून घेतली होती.

पालकांची भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. रात्रभर चालणारी नाटके, थंडीतील प्रवास, परक्या गावी मुक्काम, यांत तरुण मुलीस धोका असतोच. परंतु तो धोका सर्वांत अधिक कोणास? जिला पोटासाठी, अर्धवट शिक्षणावर, घरच्यांचा पाठिंबा नसताना त्या मंडपात उभे राहावे लागते, तिला. शाळेच्या रंगमंचावर आई, वडील व शिक्षक यांच्या डोळ्यांदेखत वीस मिनिटे बोलणाऱ्या मुलीस नव्हे. झाडीपट्टीच्या रंगभूमीची कीर्ती आता दूरवर गेली आहे. आपल्या जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा गावोगाव आनंद झाला. त्या आनंदात मुलींस वाटा का नसावा, हे आम्हांस उमगत नाही.

आणि येथे आमचाही अपराध कबूल केला पाहिजे. त्या दिवशी वडील दारात उभे असता आम्ही मान खाली घातली, कारण मुलगा हाताशी होता व वेळ थोडा होता. मुलीने मात्र वर्गात आल्यावर विचारले, 'सर, माझे पाठांतर चुकले होते का?' त्यास आम्ही काय उत्तर दिले ते येथे लिहीत नाही.

ती यंदा दहावीत आहे. प्रवेश तोच करावयाचा ठरले आहे, आणि तारामतीच्या नावापुढील जागा आम्ही अद्याप रिकामी ठेविली आहे. तिच्या वडिलांचे धान घरी आले, की आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत.